उलटलेली साखर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं गुलाबजामच्या पाकाचं.

परवा आई पाक करत होती आणि मी ओट्यापाशी उगाच लुडबुड करत उभा होतो. पाकाला उकळी आल्यावर तिने त्यात लिंबाचे चार थेंब पिळले. का, तर "पाक साखरू नये म्हणून". हे तिला तिच्या आईने सांगितलं, तिला बहुधा तिच्या आईने. आमच्या घरात हे वाक्य निदान शंभर वर्षं तरी फिरत असावं, आणि तेवढ्या काळात लिंबू नेमकं काय करतं असं कोणी विचारलं नाही. पाक साखरत नाही ना, मग झालं.

मला मात्र एकदम आजोबांचं गुऱ्हाळ आठवलं. तिथे नेमकं उलटं चालायचं. उसाचा रस काहिलीत पडला आणि चुलवाणाने जोर धरला की गुळव्या त्यात चुन्याची निवळी घालायचा. नंतर भेंडीचं पाणी, मग मळी काढायची, वगैरे. चुना कशाला असं मी लहानपणी विचारलं होतं. "रसाचा आंबटपणा मारायला," असं उत्तर मिळालं. म्हणजे एका चुलीवर आई गोडात आंबट घालते आणि दुसऱ्या चुलीवर आजोबा गोडातला आंबट काढतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, हे कळायला मला कॉलेजची केमिस्ट्री लागली. आणि ती केमिस्ट्री ज्या माणसापासून सुरू झाली, त्याची गोष्ट कळायला आणखी वीस वर्षं.

त्याचं नाव लुडविग विल्हेल्मी. जन्म 1812 चा, प्रशियातल्या स्टारगार्ड गावचा. व्यवसायाने औषधवाला. त्याचं स्वतःचं औषधाचं दुकान होतं. 1843 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने ते विकून टाकलं आणि हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला. बर्लिन, गीसेन, हायडेलबर्ग अशी विद्यापीठं हिंडला, 1846 मध्ये डॉक्टरेट घेतली आणि 1849 पासून हायडेलबर्गला शिकवू लागला. आपल्याकडे एखाद्याने चालतं मेडिकल स्टोअर विकून कॉलेजात नाव घातलं तर घरचे काय म्हणतील याची कल्पना करा. (माझ्या घरचे काय म्हणतील ते मला माहीत आहे. असो.)

त्याने जे केलं ते सांगण्याआधी साखरेबद्दल थोडं सांगायला हवं. विज्ञानाला घाबरणाऱ्या मंडळींनी हा परिच्छेद घोटभर चहाबरोबर घ्यावा.

आपण जी साखर खातो तिचा प्रत्येक रेणू म्हणजे दोन साखरांची जोडी असते. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज, मध्ये ऑक्सिजनचा सांधा. पाण्याचा एक रेणू त्या सांध्यात शिरला की जोडी फुटते. यालाच हायड्रॉलिसिस म्हणायचं, म्हणजे पाण्याने तोडणं. पण नुसत्या पाण्याला ते सहजासहजी जमत नाही. साखरेचं साधं पाणी सांध्याला धक्का न लागता वर्षानुवर्षं राहील (मुंग्या आणि बुरशी सोडून). आम्ल असलं की गोष्ट बदलते. आम्लातला हायड्रोजनचा आयन त्या सांध्यावर जाऊन बसतो, सांधा कमकुवत होतो, पाणी आपलं काम करतं, आणि आयन जसाच्या तसा सुटून पुढच्या जोडीकडे जातो. काडीमोड लावून देऊन स्वतः नामानिराळा! आम्ल खर्च होतच नाही. अशा उपद्व्यापाला 1835 च्या सुमारास बर्झेलियस नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 'कॅटॅलिसिस' हे नाव दिलं.

आता गंमत अशी की हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. आधीही पाण्यासारखं, नंतरही पाण्यासारखं. रंग नाही, फेस नाही, गाळ नाही. मग किती जोड्या फुटल्या हे कळणार कसं?

ते कळायची सोय फ्रान्समधल्या बिओने करून ठेवली होती. एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश काही सेंद्रिय द्रवांमधून गेला की ते प्रतल वळतं, हे त्याने 1815 मध्ये दाखवलं. साखरेचं पाणी ते उजवीकडे वळवतं. पुढे 1830 च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं तर हे वळण हळूहळू कमी होतं, शून्यावर येतं आणि मग चक्क डावीकडे जातं. कारण ग्लुकोज प्रकाशाला उजवीकडे वळवत असलं तरी फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे ओढतं आणि दोघांच्या भांडणात डावं जिंकतं. दिशा उलटते म्हणून या क्रियेचं नाव पडलं 'इन्व्हर्शन'. उलटणे. मला हा शब्द फार आवडतो, कारण आपल्याकडेही एकत्र राहणारी माणसं वेगळी झाली की आधी त्यांचे चेहरे उलट दिशेला होतात.

हे वळण मोजायचं यंत्र म्हणजे पोलरीमीटर. माझे मामा एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. सहावी-सातवीत असताना त्यांनी मला तिथे नेऊन यंत्रात डोळा लावायला सांगितला होता. आतलं वर्तुळ अर्धं उजेडाचं, अर्धं सावलीचं. चकती फिरवत फिरवत दोन्ही अर्धं सारखं दिसू लागलं की आकडा वाचायचा. मामा त्याला 'पोल' म्हणायचे. आजही कारखान्यांमध्ये हाच शब्द आहे. रिकव्हरीचा हिशेब या पोलवर उभा असतो आणि उसाचा दर रिकव्हरीवर. कोल्हापूर-सांगलीकडचा शेतकरी 'यंदा रिकव्हरी किती लागली' असं विचारतो तेव्हा तो नकळत बिओचं नाव घेत असतो. हे मी मामांना पुढे एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "बिओचं नाव घेऊ दे, आधी बिल वेळेवर मिळू दे." :-)

तर विल्हेल्मी. 1850 मध्ये त्याने जे केलं ते आज इतकं साधं वाटतं की याच्या आधी कोणालाच का सुचलं नाही असं वाटावं. त्याने साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं, ते पोलरीमीटरच्या नळीत भरलं आणि घड्याळ घेऊन बसला. ठरावीक वेळाने आकडा लिहायचा. बस्स. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ 'काय होतं' हे विचारत होते. आम्ल घातल्यावर साखर उलटते, झालं. फ्रान्समध्ये क्लर्जेने 1849 मध्ये या उलटण्याचा उपयोग करून साखर मोजायची रीतही बसवली होती. पण त्यात सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा एवढंच महत्त्वाचं. मधल्या वेळात काय घडतं ते पाहत बसायचं कारण कोणाला वाटलं नव्हतं.

विल्हेल्मीला त्या मधल्या वेळातच रस होता. आणि पोलरीमीटरची खुबी अशी की पाहण्यासाठी क्रिया थांबवावी लागत नाही, नमुना काढावा लागत नाही, झाकणही उघडावं लागत नाही. साखर तुटत राहते आणि तुम्ही बाहेरून प्रकाशाने पाहत राहता.

त्याला दिसलं ते असं. समजा पहिल्या तासात शंभरातल्या वीस जोड्या फुटल्या. दुसऱ्या तासात पुन्हा वीस फुटत नाहीत. उरलेल्या ऐंशीच्या एक पंचमांश, म्हणजे सोळा फुटतात. मग चौसष्टच्या एक पंचमांश. दर वेळी जेवढी साखर शिल्लक तिचा तोच हिस्सा. सावकाराचं चक्रवाढ व्याज उलटं चालवल्यासारखं. त्याने ते गणितात मांडलं: साखर घटण्याचा वेग हा शिल्लक साखर, आम्लाचं प्रमाण आणि एक स्थिरांक यांच्या गुणाकाराइतका. रासायनिक क्रियेचा वेग असा समीकरणात बसवण्याची ही पहिली वेळ मानतात. त्याने तिथेच न थांबता वेगवेगळी आम्लं वापरून पाहिली, त्यांचं प्रमाण बदललं, तापमान बदललं, आणि तापमान चढलं की स्थिरांक कसा झपाट्याने वाढतो याचंही सूत्र बसवायचा प्रयत्न केला. लेख त्या काळच्या मोठ्या जर्मन नियतकालिकात, पॉगेनडॉर्फच्या 'अनालेन'मध्ये, छापून आला. हीच सूत्रं दुसऱ्या क्रियांना लागू पडतात का ते रसायनवाल्यांनी पाहावं, अशा अर्थाचं शेवटी लिहून विल्हेल्मी बाजूला झाला.

आणि रसायनवाल्यांनी काय पाहिलं? काहीही नाही.

या भागापाशी मी नेहमी थबकतो. लेख कुठल्या आडगावच्या मासिकात गाडला गेला असता तर समजू शकलं असतं. अनालेन म्हणजे घराघरात नव्हे पण प्रयोगशाळे-प्रयोगशाळेत जाणारं. पण भौतिकशास्त्रवाल्यांना साखरेत रस नव्हता, आणि रसायनवाल्यांना डिफरन्शियल समीकरण पाहून पान उलटायची सवय होती. विल्हेल्मीने 1854 मध्ये हायडेलबर्ग सोडलं, बर्लिनला परत येऊन खाजगी आयुष्य काढलं आणि 1864 मध्ये तो गेला. योगायोग पाहा, त्याच वर्षी नॉर्वेत गुल्डबर्ग आणि वागे या दोघा मेव्हण्यांनी वस्तुमान-क्रियेचा नियम पहिल्यांदा मांडला. क्रियांच्या वेगाचा विषय आता कुठे सुरू होत होता, आणि ज्याने तो चौदा वर्षांपूर्वी सुरू केला होता तो संपला होता.

त्याला उकरून काढलं ते विल्हेल्म ऑस्टवाल्डने. ऑस्टवाल्ड 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला रिगाला प्राध्यापक होता आणि आम्लांचा 'जोर' मोजायच्या मागे लागला होता. सगळी आम्लं आंबट, पण सारखी जोरकस नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. व्हिनेगर आपण जेवणात घालतो, हायड्रोक्लोरिक ॲसिडने फरशी घासतो. पण 'जास्त जोरकस' म्हणजे किती पट? ऑस्टवाल्डने साखर उलटण्याचा वेग हेच माप ठरवलं. सारख्या प्रमाणात घेतलेली आम्लं, सारखी साखर, सारखं तापमान. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक जवळजवळ बरोबरीने पळाले. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल सुमारे अडीचशे पट मागे पडलं.

याच सुमाराला, 1884 च्या जूनमध्ये, स्वान्ते आऱ्हेनियस नावाच्या एका स्वीडिश पोराचा प्रबंध टपालाने त्याच्याकडे आला. ऑस्टवाल्डने पुढे सांगितलंय की त्या एकाच दिवशी त्याला दातदुखी, नवी कन्या आणि हा प्रबंध असं तिन्ही प्राप्त झालं आणि तिघांत प्रबंधाने जास्त झोप उडवली. आऱ्हेनियसला त्याच्या उपसाला विद्यापीठाने जेमतेम पास केलं होतं. पण त्याचं म्हणणं विजेच्या वहनाबद्दल होतं: कोणतं आम्ल पाण्यात किती वीज वाहून नेतं. ऑस्टवाल्डने आपले साखरेचे आकडे शेजारी ठेवले. जे आम्ल वीज चांगली वाहतं तेच साखर जोरात उलटवतं, आणि तेही जवळपास त्याच प्रमाणात! म्हणजे साखर तोडणारं आणि वीज नेणारं काहीतरी एकच होतं. तो थेट उपसालाच जाऊन धडकला. जुनं वाङ्मय चाळताना त्याला विल्हेल्मी सापडलेला होता. त्याने त्याचं ऋण उघडपणे मान्य केलं आणि विज्ञानातल्या अभिजात लेखांची जी माला काढली तिच्यात तो लेख पुन्हा छापला. मूळ लेखाला तोवर चाळीसेक वर्षं झाली होती.

आम्लाचं कोडं असं सुटत आलं. उरलं तापमान. त्यावर 1889 मध्ये लिहिलं पुन्हा आऱ्हेनियसनेच, आणि लेखाचा विषय पुन्हा तोच, आम्लांनी उसाची साखर उलटण्याचा वेग. त्याला खटकत होती ती एक विसंगती. तापमान एका अंशाने वाढवलं तर रेणूंचा वेग वाढतो तो शेकड्याला जेमतेम एक षष्ठांश. द्रवाचा पातळपणा वाढतो तो फार तर दोन टक्के. पण साखर फुटण्याचा वेग मात्र अंशाला दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतो. एवढी उडी येते कुठून? त्याचं उत्तर असं, की सगळे रेणू फुटायला तयार नसतातच. एका वेळी फार थोडे 'तयार' असतात, आणि उष्णता वाढली की गर्दीचा एकूण वेग थोडाच वाढतो पण तयार असलेल्यांची संख्या भराभर वाढते. व्हान्ट हॉफच्या सूत्राचा आधार घेऊन त्याने जे समीकरण लिहिलं ते आज बारावीच्या पुस्तकात आहे. आम्ही ते पाठ केलं होतं. त्याच्या मुळाशी उसाची साखर आहे हे कोणत्याही सरांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमच्या भागातल्या पोरांनी निदान डोकं वर काढून पाहिलं असतं.

पुढची पायरी 1909 ची. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेन्सनने आंबटपणा मोजायची पीएचची पट्टी आखली, एन्झाइम्सच्या अभ्यासात गरज पडली म्हणून. आणि त्याने तपासलेल्या एन्झाइम्सपैकी एक होतं इन्व्हर्टेज, म्हणजे आम्लाचंच साखर तोडण्याचं काम सजीवांच्या पेशीत करणारं. 1913 मध्ये बर्लिनला मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेली मॉड मेंटेन यांनी एन्झाइमच्या वेगाचं जे समीकरण मांडलं, तेही याच इन्व्हर्टेजवर, पोलरीमीटर लावून. विल्हेल्मीच्याच शहरात.

आता आमच्या चुलींकडे परत येतो.

वरचे आकडे हाताशी धरून एकदा मी कागदावर हिशेब केला. उसाचा ताजा रस साधारण पाच-सव्वापाच पीएचचा. तीस अंशांना तो तसाच ठेवला तर केवळ त्या आम्लाने साखर तुटायचं प्रमाण नगण्य. पण तोच शंभर अंशांना उकळत ठेवा, वेग अंदाजे तीन हजार पट होतो आणि तासाला शेकडा एक-दोन भाग साखर उलटते. चुना घालून पीएच एकाने वर नेला की वेग दहावा हिस्सा. दोनाने नेला की शंभरावा. म्हणून आजोबांचा चुना. काहील दोन-अडीच तास उकळणार, शेवटी तापमान शंभराच्याही बरंच वर जाणार. त्याआधी आंबटपणा मारला नाही तर ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढत जाणार, आणि ही दोघं शिल्लक साखरेला खडे धरू देत नाहीत. गूळ बसत नाही. आणि म्हणूनच आईचं लिंबू. तिला पाकाला खडे धरू द्यायचेच नसतात. लिंबाचं आम्ल तसं कमजोर, पण उकळी त्याच्या मदतीला असते. गार पाकात पिळलं तर तेवढा उपयोग नाही. आईला हेही माहीत आहे. तिला फक्त पट माहीत नाही.

हा हिशेब मी बाबांना दाखवला. वाटलं होतं कौतुक करतील. ते कागद बराच वेळ हातात धरून बसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

एका हंगामात आमचा ऊस तोडून झाला आणि घाण्याचं इंजिन बंद पडलं. दुरुस्तीला तीन दिवस गेले. ऊस उन्हात पडून. चौथ्या दिवशी गाळप सुरू झालं. गुळव्याने रस बोटावर घेऊन चाखला आणि आजोबांना म्हणाला, "तात्या, रस आंबूस लागतुया. आज चुना वाढवाय लागंल." आजोबा नको म्हणाले. चुना जास्त झाला की गूळ काळपट पडतो, आणि पेठेत अडत्या आधी रंग बघतो. "नेहमीएवढाच घाल," म्हणाले. त्या दिवसाच्या काहिली बसल्याच नाहीत. ढेपा हाताला चिकटायच्या, दोन दिवसांत पाझरायला लागल्या. आजोबांनी चारचौघांत सांगितलं की गुळव्याने वेळेवर काहील उतरवली नाही. त्याची अर्धी मजुरी कापली. पुढच्या वर्षी दुसरा गुळव्या आला.

तोडलेल्या उसात इन्व्हर्टेज काम करतच असतं, कापल्या जागी जंतू शिरतात, रस आंबत जातो, आणि ऊन जेवढं जास्त तेवढा हा सगळा कारभार वेगाने. साखर काहिलीत पडायच्या आधीच बरीच उलटलेली होती. जी उरली होती तिला उकळताना जास्त चुना हवा होता. जास्त चुन्यानेही तो माल पहिल्या प्रतीचा झाला नसता, कारण उलटलेली साखर चुना पुन्हा जोडून देत नाही. पण निदान दोष कुणाचा नव्हता हे दिसलं असतं.

"मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो," बाबा म्हणाले. "तो चाखून बोलला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तात्या लोकांना सांगत होते तेव्हापण होतो."

गुळव्याचं गाव कुठलं, घरी कोण कोण होतं, असं मी विचारलं. पंचगंगेच्या पलीकडचं कुठलं तरी, एवढंच त्यांना आठवत होतं. कागद त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.